गोचीड अंगापेक्षा भिंतीत जास्त: श्वान-निवासात नव्याने काम करणाऱ्यांसाठी

पुण्यात मे महिन्यात आणि दिवाळीत कुत्र्यांच्या बोर्डिंगमधल्या सगळ्या खोल्या भरलेल्या असतात, आणि या कामात नव्याने येणारी मुले-मुली बहुधा याच गर्दीत रुजू होतात. खाणे, फिरवणे, औषधांच्या वेळा सांभाळणे त्यांना लवकर जमते. गोचिडांचा बंदोबस्त मात्र उशिरा उमगतो, कारण नजर कुत्र्याच्या अंगावर खिळलेली असते आणि गोचिडाचे बहुतेक आयुष्य अंगाबाहेर जाते.

आपल्याकडे कुत्र्यांवर प्रामुख्याने आढळणारा तपकिरी गोचीड प्रत्येक अवस्थेत रक्त पिऊन खाली उतरतो, कात टाकण्यासाठी फटीत शिरतो आणि पुन्हा नवे अंग शोधतो; पोट भरलेली मादी तर भिंतीवर चढून एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते. या जातीचे सगळे चक्र छपराखाली पूर्ण होऊ शकते. मुळशी रस्त्याकडच्या जागा पाहायला आलेले कुत्र्यांचे पालक आवारातले गवत पाहून साशंक होतात, पण मला हिरवळीपेक्षा फुटलेल्या गिलाव्याची धास्ती अधिक वाटते.

म्हणून तपासणी खोलीत नव्हे, फाटकापाशीच आणि पालकांसमोर करावी. "आमच्याकडे गोचीड होतच नाहीत हो," असे काकू सांगत असल्या तरी कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, काखेत आणि शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवल्याशिवाय कुत्रा आत घेऊ नये. गोचिडांवरचे शेवटचे औषध कोणते आणि कोणत्या तारखेला दिले, हे लिहून घ्यावे. फ्लुरालानरची गोळी सुमारे 12 आठवडे, अफॉक्सोलानर किंवा सारोलानरची सुमारे महिनाभर काम करते. फिप्रोनिलचे थेंब कातडीवर टाकण्याच्या आगेमागे दोन दिवसांत अंघोळ झाली असेल, तर त्यांचा भरवसा धरू नये. गोळीमुळे गोचीड चावल्यानंतर मरतो, चावण्याआधी नव्हे. गोचिडांमार्फत पसरणाऱ्या एर्लिकिओसिस या आजाराचे जंतू, म्हणजे एर्लिकिया, तर चावल्यापासून काही तासांतही अंगात जाऊ शकतात. गोळी दिलेल्या कुत्र्यालाही स्वच्छ खोली लागते, ती यासाठी. ज्याला पूर्वी फिट आली आहे, त्याला अशी गोळी पशुवैद्यांना विचारल्याशिवाय देऊ नये.

गोचीड सापडलाच तर चिमट्याने त्वचेलगत धरून सरळ ओढावा. रॉकेल लावू नये, नखाने चिरडू नये. कडुनिंबाचे पाणी पालक हौसेने पाठवतात. ते लावावे, पण औषधाच्या जागी नव्हे.

खोलीत मात्र वेळ घालवावा. भेगा सिमेंटने बुजवाव्यात, लाकडी फळ्यांऐवजी धुता येणाऱ्या खाटा ठेवाव्यात, अंथरुणे गरम पाण्यात धुवावीत. दगड-काँक्रीटच्या रिकाम्या खोलीत गोठ्याप्रमाणे फ्लेमगन, म्हणजे ज्योत सोडणारे यंत्र, फिरवता येते. डेल्टामेथ्रिन या कीटकनाशकाची फवारणी भिंतीच्या कोपऱ्यांत आणि छपराच्या कडेपर्यंत करावी. अंड्यांवर तिचा भरवसा नसल्याने दोन-तीन आठवड्यांनी ती पुन्हा करावी लागते. फवारलेली जागा पूर्ण वाळेपर्यंत कुत्रे बाहेर ठेवावेत. आवारात मांजर असेल, तर हे औषध तिला घातक ठरू शकते.

कुत्रा घरी सोडताना सापडलेल्या गोचिडांची नोंद पालकांच्या हाती द्यावी, मग ती त्यांना कितीही न आवडो. एर्लिकिओसिसची लक्षणे चावल्यानंतर साधारण 8 ते 20 दिवसांनी दिसू लागतात, म्हणजे तोवर कुत्रा कोथरूडच्या घरी पोहोचलेला असतो. ताप, नाकातून रक्त, फिकट हिरड्या किंवा कॉफीच्या रंगाची लघवी दिसताच रक्ततपासणी करून घ्या, हे त्यांना तोंडीही सांगावे.