पाहिलेले आधी, मत मागाहून : निवृत्तांसाठी रोजनिशीची पद्धत

निवृत्तीनंतर रोजनिशी लिहावी, असे आपल्याला पुष्कळजण सांगतात. ती कशी लिहावी हे मात्र सहसा कोणी सांगत नाही, आणि म्हणून जानेवारीत हौसेने उघडलेली वही होळीच्या आत कपाटात जाऊन पडते. पाटबंधारे खात्यातून आरेखक म्हणून मी २०१४ साली निवृत्त झालो आणि तेव्हापासून ठाण्यात नौपाड्यातल्या घरी रोज अर्धा तास वही लिहीत आलो आहे. माझ्याही पहिल्या दोन वह्या वाया गेल्या, कारण त्यांत मी केवळ मते लिहिली होती. महागाई, राजकारण, रस्त्यांवरचे खड्डे, तरुणांचे वागणे यांबद्दल जे रोज वाटे ते रोज लिहिले, आणि वर्षाने वाचायला घेतले तेव्हा एकच पान तीनशे वेळा लिहिले आहे असे दिसले. तिसऱ्या वहीपासून एक नियम केला : त्या दिवशी स्वतः पाहिलेली, मोजलेली किंवा पैसे मोजून घेतलेली एक तरी गोष्ट लिहून झाल्याशिवाय मत लिहायचे नाही. पुढे सांगितलेली सगळी पद्धत या एका नियमातून निघाली आहे.

वही साधी, दोनशे पानी, रेघांची घ्यावी. तारखा छापलेली डायरी घेऊ नये, कारण चार दिवस आजारपणात गेले की कोरी राहिलेली चार पाने पुढे रोज डोळ्यांपुढे येतात आणि लिहिणारा खचतो. साध्या वहीत दिवस सुटला तर सुटला, पुढची तारीख घालून लगेच खाली लिहिता येते. वही उघडल्यावर समोर येणाऱ्या दोन पानांपैकी डावे पान आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्याचे आणि उजवे पान वर्तमानपत्रातून कळलेल्याचे, अशी वाटणी पहिल्याच दिवशी ठरवून टाकावी. उजव्या पानावर बाहेरच्या बाजूने चार बोटे समास सोडावा. तो कशासाठी ते पुढे सांगतो.

लिहिण्याची वेळ मी सकाळी साडेआठची ठेवली आहे. रात्री लिहिताना दिवसभराचा थकवा शब्दांत उतरतो आणि वाक्ये विनाकारण कडवट होतात, हे एक कारण. दुसरे आणि खरे कारण पावसाचे आहे. आपल्याकडे हवामान विभागाचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ असा धरला जातो. त्याच वेळी आपण आपला पाऊस मोजला तर आपला आकडा आणि वर्तमानपत्रातला आकडा शेजारी शेजारी ठेवता येतात.

पाऊस मोजणे हा निवृत्त माणसासाठी सर्वांत चांगला छंद आहे, असे माझे ठाम मत आहे. त्याला खर्च जवळजवळ नाही, चार महिने रोज गच्चीवर जाणे होते आणि हाती खरा आकडा येतो. तोंडापासून बुडापर्यंत सारख्याच रुंदीची, सपाट बुडाची, निदान तीस सेंटीमीटर उंच अशी प्लास्टिकची बरणी घ्यावी. गळ्याशी निमुळती होणारी बरणी घेऊ नये, तिच्यातला आकडा चुकतो. बाहेरून मिलिमीटरची पट्टी अशी चिकटवावी की पट्टीचा शून्य बरणीच्या आतल्या बुडाशी येईल. बूड जाड असते, ते विसरले की रोज दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो. बरणीभोवती चार विटा लावाव्यात, नाहीतर जूनमधल्या पहिल्याच वादळी पावसात ती आडवी होते. पाणी पाहताना डोळा पाण्याच्या पातळीला आणावा आणि कडांना वर चढलेले पाणी सोडून मधली खालची पातळी वाचावी. आकडा लिहिल्याशिवाय पाणी ओतून देऊ नये, हे सांगावे लागते, कारण हातातली छत्री सांभाळताना ते माझ्याकडून दोनदा घडले आहे.

बरणी कुठे ठेवायची, यात मी पूर्ण एक पावसाळा गमावला. वाऱ्याने उडू नये म्हणून मी ती गच्चीच्या कठड्याला लागून ठेवली होती. आपल्याकडचा पाऊस वाऱ्याबरोबर तिरका येतो, कठडा त्याला अडवतो, आणि माझे आकडे सगळ्या मोसमात कमी येत राहिले. ही चूक सप्टेंबरमध्ये लक्षात आली, तेव्हा त्या वर्षीच्या सर्व नोंदींवर लाल शाईने फुली मारावी लागली. जवळच्या भिंतीची किंवा टाकीची जेवढी उंची असेल, तिच्या निदान दुप्पट अंतरावर बरणी ठेवावी. नंतर जागा बदलू नये, आणि बदललीच तर त्या तारखेला तसे लिहावे.

आता या आकड्याचे काय करायचे, असे कोणी विचारील. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पाऊस झाला तर हवामान विभाग त्याला मुसळधार म्हणतो, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अति मुसळधार, आणि त्याहून जास्त म्हणजे अत्यंत मुसळधार. हे तीन आकडे वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला लिहून ठेवले की वर्तमानपत्रातला प्रत्येक इशारा नेमका कळू लागतो. आपल्या गच्चीवरचा पाऊस वेगळा मोजण्याची गरज काय, हे २६ जुलै २००५ च्या पावसाने दाखवून दिले आहे : त्या चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच मुंबईत कुलाब्याला ७३.४ मिलिमीटर. शिवाय हा आकडा सोसायटीच्याही उपयोगी पडतो. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तीनशे चौरस मीटरच्या गच्चीवर पन्नास मिलिमीटर पाऊस पडला, तर एका दिवसात पंधरा हजार लिटर पाणी पन्हळीतून वाहून गेले. पर्जन्यजल संधारणाचा विषय आमच्या सोसायटीच्या सभेत तीन वर्षे नुसता चर्चेला येत होता; चौथ्या वर्षी मी वहीतले जुलैचे एकतीस आकडे वाचून दाखवले, तेव्हा काम मंजूर झाले.

पावसाशेजारी भरतीची वेळ लिहावी. पावकी, निमकी आणि पाउणकी शाळेत पाठ केलेल्या आपल्या पिढीला ती पंचांगावरून काढता येते. कोकण किनाऱ्यावरचा जुना हिशेब असा आहे की तिथीची पाउणकी करावी, म्हणजे तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणावे; त्यातून पूर्ण भरतीची वेळ साधारण मिळते. अष्टमी असेल तर आठ पाउणे सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला पंधरा पाउणे सव्वाअकरा. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजावे. दुसरी भरती सुमारे साडेबारा तासांनी येते, आणि खाडीच्या टोकाशी पाणी चढायला किनाऱ्यापेक्षा थोडा अधिक वेळ लागतो. बारीक हिशेबासाठी छापील वेळापत्रक आहेच, पण बोटांवर निघालेली वेळ लक्षात राहते. मोठा पाऊस आणि मोठी भरती एका वेळी आली की नाल्यांचे पाणी खाडीत उतरत नाही आणि सखल भागांत तुंबते. पाणी तुंबल्याची बातमी वाचल्यावर पहिला संताप पालिकेवर काढण्याआधी मी डावे पान पाहतो. पाऊस ऐंशी मिलिमीटर, भरती ऐन त्या वेळी, असे दिसले तर एक गोष्ट. पाऊस तीस, ओहोटी चालू आणि तरीही रस्त्यावर गुडघाभर पाणी, असे दिसले तर तक्रार करायलाच हवी, आणि ती या आकड्यांसह करावी.

हिवाळ्यात बरणी कोरडी राहते, तेव्हा डाव्या पानाला दुसरे काहीतरी लागते. ठाण्याच्या खाडीवर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत रोहित पक्षी, ज्यांना आता सगळे फ्लेमिंगोच म्हणतात, हजारोंनी उतरतात. ते ओहोटीत उघड्या पडलेल्या चिखलावर चरतात, म्हणून ऐरोलीच्या बाजूला पाहायला जायचे तर पाउणकीचा तोच हिशेब उलटा करून ओहोटीची वेळ काढावी. या खाडीतल्या पट्ट्याला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून संरक्षण मिळाले आणि २०२२ मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत स्थान मिळाले. पक्षी नीट मोजता येत नसतील तर मोजू नयेत. पहिला थवा कोणत्या तारखेला दिसला आणि शेवटचा कधी, एवढ्या दोन तारखा दरवर्षी लिहिल्या तरी दहा वर्षांनी ती मोलाची नोंद होते. ज्यांना तेवढे चालवत नाही त्यांनी तलावपाळीवरच्या किंवा आपल्या गल्लीतल्या एका झाडाची पानगळ, पालवी आणि मोहोर यांच्या तारखा लिहाव्यात. झाड एकच निवडावे आणि ते बदलू नये.

घरातल्या भावांची नोंद माझ्या वहीत सौभाग्यवतींमुळे आली. एका जुलैत मी आकडा लिहीत असताना त्या म्हणाल्या, "अहो, पाऊस किती पडला ते लिहिता, मग मेथीची जुडी कितीला मिळाली तेही लिहा की." तेव्हापासून डाव्या पानाच्या तळाशी पाच वस्तूंचे भाव त्यांच्या अक्षरात असतात : मेथी, टोमॅटो, कांदा, दूध आणि नारळ. आठवड्यातून एकदा, त्याच भाजीवाल्याकडचे. कसारा घाटाच्या वर सलग पाऊस लागला की नाशिककडून वाशीच्या बाजार समितीत येणारी पालेभाजी कमी होते आणि दोन-तीन दिवसांत आमच्या दारात मेथी महागते, हे आम्हांला या पानांवरून कळले. ‘महागाई फार वाढली’ हे वाक्य त्यानंतर मी वहीत लिहिलेले नाही.

उजव्या पानावर रोज एकच बातमी घ्यावी. दोन वर्तमानपत्रे वाचावीत; घरी एक येत असेल तर दुसरे ग्रंथालयात जाऊन वाचावे. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून चालू आहे, आणि अशा संस्थांत जाऊन बसणारी माणसे राहिली तरच त्या राहतील असे मला मनापासून वाटते. बातमी कापून चिकटवू नये, आपल्या शब्दांत तीन ओळींत लिहावी. लिहिताना ‘झाले’ आणि ‘होणार असे म्हणाले’ या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्यात. जे होणार आहे त्याची सांगितलेली तारीख समासात लिहावी आणि ती तारीख आली की पान उलटून काय झाले ते तिथेच नोंदवावे. समास त्यासाठी आहे. नवी मुंबईच्या विमानतळाचे भूमिपूजन १८ फेब्रुवारी २०१८ रोजी झाले. त्यानंतर पहिल्या उड्डाणाच्या अनेक तारखा जाहीर झाल्या आणि मागे पडल्या. उद्‌घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि प्रवासी विमाने २५ डिसेंबर २०२५ पासून उडू लागली. त्या एका नोंदीचा समास माझ्या वह्यांतून पाठपुराव्याच्या तारखांनी भरला आहे. एवढ्या मोठ्या कामाला वेळ का लागतो, यावर तो समास समोर ठेवून बोलता येते, आणि समोरचाही ऐकून घेतो.

भ्रमणध्वनीवर आलेला मजकूर वहीत घेण्याआधी दोन छापील ठिकाणी सापडला पाहिजे, हा नियम कडक पाळावा. दर एप्रिलमध्ये ‘भारतातली पहिली रेल्वे ठाण्याला आली’ हे वाक्य फिरत येते. आपल्याला त्याचा अभिमान आहे, आणि म्हणूनच ते नेमके लिहावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला आलेली गाडी ही पहिली सार्वजनिक प्रवासी गाडी होती. दगडांची वाहतूक करणारा रेड हिल्सचा लोहमार्ग मद्रासला १८३७ मध्येच चालू झाला होता. ‘प्रवासी’ हा एक शब्द घातल्याने ठाण्याचा मान तसूभरही कमी होत नाही.

मते कुठे लिहायची, तर डावे-उजवे दोन्ही पान भरल्यावर खाली जी जागा उरेल तिथे. चार ओळी पुरतात. दुःखाचे मात्र वेगळे आहे. तलावपाळीच्या फेरीतला माझा जोडीदार गेला, त्या दिवशी मी बरणी पाहिली नाही की बातमी लिहिली नाही, पूर्ण पान त्याचेच लिहिले. त्या दिवशी नियम बाजूला ठेवावा. रक्तदाब, साखर आणि औषधे यांच्यासाठी निराळी लहान वही करावी. डॉक्टरांकडे नेताना ती सोयीची पडते.

वहीचे वर्ष मी १ जूनला सुरू करतो, म्हणजे एक पावसाळा दोन वह्यांत विभागला जात नाही. शेवटची चार पाने कोरी ठेवावीत आणि मे महिन्यात, उन्हात बाहेर पडणे नको वाटते तेव्हा, त्यांवर सूची करावी : पाऊस, पक्षी, भाव, बातम्या, माणसे, आणि पुढे पानांचे आकडे. सूची नसलेल्या दहा वह्यांत काहीही सापडत नाही. वह्या उभ्या ठेवाव्यात, भिंतीला टेकवू नयेत, कारण आपल्या दमट हवेत भिंतीकडच्या बाजूने बुरशी धरते. कसर लागू नये म्हणून कपाटात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवावा आणि गणपतीनंतर चांगले ऊन पडले की एकदा सगळ्या वह्या बाहेर काढून झटकाव्यात. नव्या वहीच्या पहिल्या पानावर बरणीची उंची, तिची गच्चीवरची जागा, निवडलेले झाड आणि भाजीवाल्याचा कोपरा लिहून ठेवावा, म्हणजे आपल्यामागे कोणी ती वही उघडली तर त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठला पुढची नोंद करता येईल.