साठच्या दशकातला बंगला पाडायच्या आधी हे करून बघा

वाडा असला की सगळे म्हणतात जपा, पण 1960 च्या आसपासचा सपाट गच्ची, लांब छज्जे आणि मोझॅक फरशीवाला बंगला असला की तेच लोक म्हणतात पाडा आणि बिल्डरला द्या. दिल्लीच्या प्रगती मैदानातलं हॉल ऑफ नेशन्स हे काँक्रीटचं प्रदर्शनगृह 1972 चं, 2017 मध्ये पाडलं, कारण काय तर 60 वर्षं झाली नव्हती म्हणून हेरिटेजमध्ये बसत नाही! मग आपल्या गल्लीतल्या बंगल्याला कोण विचारणार, आपणच बघायचं. पुण्यात आत्याचं घर आम्ही असं दुरुस्त केलं, त्यातून जे कळलं ते सांगते.

आधी महापालिकेतून मंजूर नकाशाची नक्कल काढा. आणि काहीही फोडायच्या आधी एक पूर्ण पावसाळा घर नुसतं बघा, ओल कुठे येते, किती दिवसांनी येते, प्रत्येक डागाचा तारखेसकट फोटो काढा. या घरांचा खरा शत्रू पाणीच आहे.

छज्ज्याच्या खालच्या कडेला बारीक खाच असते, पाणी तिथूनच खाली टपकावं, भिंतीकडे येऊ नये म्हणून केलेली. आमच्याकडे दरवेळच्या रंगकामात ती पुट्टीने बुजत गेली होती आणि आम्ही बसलो होतो भिंतीला वॉटरप्रूफिंग करत. खाच पुन्हा मोकळी केली तर अर्धी ओल तिथेच थांबली. गच्चीचं असं की पाण्याची भोकं बंद करून दोन इंच पाणी 48 तास ठेवायचं आणि खाली छत बघायचं, पण आधी इंजिनियरला विचारून. जुन्या कोब्यावर (गच्चीवरचा विटांच्या तुकड्यांचा आणि सिमेंटचा थर) नवा कोबा अजिबात घालू देऊ नका, स्लॅबवर वजन वाढतं.

आता काँक्रीट. छोट्या हातोडीने स्लॅब ठोकत जा, चांगल्या जागी टणटण वाजतो आणि पोकळ जागी भद्द. पोकळ म्हणजे बहुतेक वेळा आतली सळई गंजलेली असते. काँक्रीट मुळात अल्कलाइन असतं म्हणून सळई सुरक्षित असते, पण वर्षानुवर्षं हवेतला कार्बन डायऑक्साइड आत जातो, तो अल्कलीपणा जातो, मग ओल लागली की गंज धरतो, गंज फुगतो आणि वरचं काँक्रीट ढकलून पाडतो. ताज्या फोडलेल्या जागी फिनॉल्फ्थॅलीन (अल्कलीत गुलाबी होणारं रसायन) टाकलं की चांगला भाग गुलाबी होतो, खराब तसाच राहतो. वरून प्लास्टर मारून झाकू नका, सळईच्या मागेपर्यंत मोकळं करा, गंज तारेच्या ब्रशने घासून काढा, गंजरोधक लावा, मग पॉलिमर मॉर्टर (पॉलिमर मिसळलेला सिमेंटचा माल) पातळ थरांत भरा आणि क्युरिंग, म्हणजे ते ओलं ठेवणं, नीट करा. सळई फार झिजली असेल तर तिथे स्ट्रक्चरल इंजिनियरशिवाय हात लावायचा नाही, आणि खालून टेकू दिल्याशिवाय तर नाहीच नाही.

वायरिंग आणि जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप मात्र बिनधास्त बदला, त्यात काही जपण्यासारखं नाही.

लोखंडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग बसवायचा सल्ला सगळे देतील, ऐकू नका! स्लायडिंगमध्ये अर्धीच खिडकी उघडते, जुनी पूर्ण उघडते, आणि या घरांचा वारा समोरासमोरच्या खिडक्यांवरच चालतो. रंग खरवडा, रेड ऑक्साइडचा गंजरोधक प्रायमर मारा, काचेची वाळलेली पुट्टी बदला, बिजागऱ्यांना तेल द्या.

बाहेर ग्रिटचं, म्हणजे बारीक खडी दिसणारं प्लास्टर असेल तर त्यावर रंग मारू नका, पाणी आणि नायलॉनचा ब्रश पुरे. मोझॅकवर टॉयलेट क्लीनरवालं ॲसिड कधीच नको, त्यातली संगमरवराची खडी खाल्ली जाते. मशीनने आधी भरड मग बारीक दगड फिरवून पॉलिश करून घ्या, जुनी फरशी अशी उजळते की विश्वास बसत नाही. तुटलेल्या फरशीला जोड मिळत नव्हती, नवी लावली की ठिगळ दिसायचं, शेवटी आत्याच्या कपाटाखालच्या चार फरश्या अलगद उचलून दारात लावल्या, आणि कपाटाखाली नव्या. तिथे कोण बघतंय.