अमेरिकेत पहिल्याच सेमिस्टरला रायटिंग कोर्स लागलाय? या चुका टाळा

ऑगस्टच्या शेवटी तिकडची फॉल सेमिस्टर सुरू होते आणि सप्टेंबर संपता संपता आपली मुलं रायटिंग सेंटरला, म्हणजे लिहिण्यात मदत करणाऱ्या कॉलेजच्या केंद्रात, यायला लागतात. चेहरा पडलेला, लॅपटॉपवर पहिल्या निबंधाचा सी ग्रेड. बारावीला इंग्रजीत नव्वदच्या वर, टोफेल झकास, मग सी कसा काय? मी तिथे ट्यूटर म्हणून बसते आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई, ग्रामर चुकलंय का? बहुतेक वेळा ग्रामर ठीकच असतं हो. चुकतं ते वेगळंच.

आधी एक गोष्ट, "मी कॉम्प्युटर सायन्सला आलोय, मला हे कशाला" हा वाद घालू नका, उपयोग नाही. हार्वर्डने १८८५ च्या सुमारास पहिल्या वर्षाला लेखनाचा कोर्स सक्तीचा केला आणि मग ती पद्धत तिकडे सगळीकडे पसरली. आता ब्रँच कुठलीही असो, बहुतेक कॉलेजांत हा कोर्स सुटत नाही. फक्त एपी इंग्लिशचा (शाळेत असतानाच देता येणारी कॉलेज लेव्हलची परीक्षा) चांगला स्कोअर असेल तर काही ठिकाणी माफ होतो, तेवढं ॲडव्हायजरला विचारून घ्या. मल्टिलिंग्वल, म्हणजे इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांसाठी वेगळं सेक्शन असेल तर कमीपणा वाटून घेऊ नका, बऱ्याच ठिकाणी क्रेडिट तेच असतात.

शाप की वरदान लिहू नका

ही सगळ्यात मोठी चूक, म्हणून इथे जरा थांबते. आपल्याला दहावीपर्यंत निबंध म्हणजे प्रस्तावना, फायदे, तोटे, आणि शेवटी "नाण्याला दोन बाजू असतात" असंच शिकवलेलं असतं. विज्ञान शाप की वरदान, मोबाईल शाप की वरदान, आणि उत्तर नेहमी "वापरणाऱ्यावर अवलंबून". तिकडे असा निबंध दिला की मार्जिनमध्ये एकच कॉमेंट येते, सो व्हॉट? मुलांना वाटतं प्रोफेसर चिडलेत. चिडलेले नसतात, त्यांना खरंच विचारायचं असतं की बाबा तुझं म्हणणं काय आहे.

मुलं साधारण काय आणतात बघा. विषय कॅम्पसवरचा मील प्लॅन. लिहिलेलं असतं, "मील प्लॅनचे अनेक फायदे आणि काही तोटे आहेत." याला कोण नाही म्हणणार? कोणीच नाही, म्हणून ते थीसिस, म्हणजे निबंधात पटवून द्यायचा दावा, नाही. आता हे बघा: "पहिल्या वर्षाच्या सगळ्यांना एकच मील प्लॅन सक्तीचा करणं शाकाहारी मुलांवर अन्याय आहे, कारण पैसे तेवढेच जातात आणि ताटात पर्याय मात्र सॅलड आणि पिझ्झा एवढेच उरतात." याच्याशी कोणीतरी भांडू शकतं, डायनिंगवाले म्हणतील प्लॅन सक्तीचा नसेल तर किचन परवडणार नाही. मग तुम्ही त्यांचं म्हणणं नीट मांडून त्याला उत्तर द्यायचं, निबंध तिथूनच सुरू होतो. आणि ते "आजच्या आधुनिक जगात" किंवा "प्राचीन काळापासून मानव" वालं पहिलं वाक्य सरळ उडवा, काही अडत नाही.

याचाच भाऊ म्हणजे रेटॉरिकल ॲनालिसिसमध्ये सारांश लिहून देणं. एखादा लेख देतात आणि विचारतात की लेखकाने वाचकाला पटवण्यासाठी काय काय केलंय. मुलं लेखात काय आहे ते तीन पानं सांगतात. लेखात काय आहे ते प्रोफेसरला माहितीये, त्यांनीच दिलाय ना. आकडे आधी का दिले, स्वतःच्या आईची गोष्ट मध्येच का सांगितली, हे लिहा.

शब्द बदलले म्हणजे झालं, असं नाही

मुद्दाम कॉपी मारणारे कमी, पण नकळत अडकणारे खूप. समजा मूळ लेखात आहे, "बससेवेतल्या कपातीचा सगळ्यात मोठा फटका रात्रपाळीच्या कामगारांना बसतो." आणि तुम्ही लिहिलंत, "बस सर्व्हिसमधल्या घटीचा सर्वाधिक त्रास नाइट शिफ्टच्या वर्कर्सना होतो." वाक्याचा सांगाडा तोच, फक्त कपडे बदलले. तिकडे याला पॅचरायटिंग म्हणतात आणि काही प्रोफेसर ते थेट प्लेजरिझममध्ये धरतात. उपाय सोपा आहे, तो टॅब बंद करा, रूममेटला सांगताय असं समजून आपल्या शब्दांत लिहा, मग परत उघडून ताडून बघा. आणि आपल्या शब्दांत लिहिलं तरी लेखकाचं नाव द्यायचंच, इथे बरेच जण फसतात.

टर्निटिनचा, म्हणजे मजकूर कुठे जुळतोय ते शोधणाऱ्या सॉफ्टवेअरचा, आकडा मोठा दिसला तर लगेच घाबरू नका, आधी रंगवलेलं काय आहे ते बघा. अवतरणं आणि वर्क्स सायटेडची, म्हणजे शेवटी दिलेल्या संदर्भांची, यादी वगळायचं सेटिंग नसेल तर तीही मोजली जाते. अख्खा परिच्छेद रंगलाय आणि त्याला ना अवतरणचिन्ह ना नाव, तर मात्र दुरुस्त करा. एआयबद्दल प्रत्येक प्रोफेसरचा नियम वेगळा असतो, सिलॅबसमध्ये वाचा, आणि पहिल्या ओळीपासून गूगल डॉक्समध्येच लिहा म्हणजे कोणी शंका घेतली तर व्हर्जन हिस्टरी दाखवता येते.

एमएलएचं, म्हणजे निबंधाची मांडणी आणि संदर्भ द्यायच्या ठरलेल्या पद्धतीचं, फार टेन्शन नको. डबल स्पेस, चारी बाजूंनी एक इंच मार्जिन, वर उजवीकडे आडनाव आणि पान नंबर. सध्या २०२१ ची नववी आवृत्ती चालते, पर्ड्यू आउल या पर्ड्यू युनिव्हर्सिटीच्या वेबसाइटवर सगळी उदाहरणं फुकट आहेत. सायटेशन जनरेटर (संदर्भ आपोआप तयार करून देणारं टूल) वापरा पण डोळे झाकून नको, लेखकाचं नाव हमखास गाळतो.

ड्राफ्ट म्हणजे रफ वही नव्हे

आपल्याकडे एकदा लिहिलं, दिलं, संपलं. तिथे पहिला ड्राफ्ट, पिअर रिव्ह्यू (वर्गातल्यांनी एकमेकांचं वाचून मत देणं), मग रिव्हिजन, आणि याला बऱ्याच ठिकाणी मार्क असतात. रिव्हिजन म्हणजे स्पेलिंग सुधारणं नाही, दोन परिच्छेद काढून टाकावे लागले तरी चालतं, चालतं काय, बरंच असतं. पिअर रिव्ह्यूमध्ये "नाइस एसे, गुड जॉब" लिहून मोकळं होऊ नका, कुठे गोंधळ झाला ते सांगा.

वर्गात वीसेकच मुलं असतात, दांडी लगेच दिसते आणि काही ठिकाणी ग्रेडमधून कापतात. ऑफिस अवर्सला, म्हणजे प्रोफेसर भेटायला ठेवतात त्या वेळेत, जा, पण "सर हे बघा" म्हणून अख्खा निबंध पुढे करू नका, एक परिच्छेद आणि एक प्रश्न घेऊन जा. रायटिंग सेंटर फुकट असतं, फक्त डेडलाइनच्या आदल्या रात्री येऊ नका प्लीज, तेव्हा आम्ही फार तर कॉमा सुधारून देऊ शकतो.

आणि मिडटर्मनंतरही गाडी रुळावर येत नसेल, कोर्स ड्रॉप करावासा वाटत असेल, तर बटण दाबायच्या आधी इंटरनॅशनल ऑफिसमधल्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं बघणाऱ्या अधिकाऱ्याला, मेल करा. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर अंडरग्रॅडला सहसा सेमिस्टरला किमान १२ क्रेडिट लागतात, त्यांच्या परवानगीशिवाय त्याखाली गेलात तर व्हिसाचं स्टेटस जाऊ शकतं, आणि परवानगी ड्रॉप करण्याच्या आधी घ्यायची असते, नंतर नाही.