हलकी बोल्ट-ॲक्शन रायफल निवडताना या चुका टाळा

चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यात रानडुकरांनी केळीचे खांब उलथून टाकले किंवा रोह्यांच्या (नीलगाईंच्या) कळपाने हरभरा खाऊन साफ केला, की गावात शस्त्र परवान्याची चर्चा सुरू होते. मग पहिला प्रश्न येतो, "वजनाला हलकी रायफल कोणती?" प्रश्न रास्त आहे, कारण रात्री एका हातात बॅटरी धरून बांधावरून चालणाऱ्या माणसाला अर्धा किलोही जाणवतो. मात्र रायफलीचे वजन आपोआप कमी होत नाही. नळी बारीक करून, नळी आखूड करून किंवा दस्ता पोकळ करून ते कमी केलेले असते, आणि यांपैकी प्रत्येक गोष्टीची किंमत नेम धरताना मोजावी लागते. म्हणून हलकेपणा किती आहे यापेक्षा तो कुठून आणला आहे, हे आधी विचारावे, असे माझे ठाम मत आहे.

त्याच्याही आधी होणारी एक चूक मात्र सर्वांत महागात पडते. रायफल आधी पसंत करायची आणि कायदा नंतर पाहायचा, असे अनेक जण करतात. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा उल्लेख आहे, आणि ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री पटल्यास त्याला दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर, मंजूर करता येते. आटे, म्हणजे नळीच्या आत वळणदार खाचा, असलेली रायफल त्या तरतुदीत बसत नाही. तिच्यासाठी सबळ कारण वेगळे दाखवावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोनच शस्त्रे बाळगता येतात. त्यामुळे घरात आजोबांची बारा बोअर आणि वडिलांचे पिस्तूल आपल्या नावावर आले असेल, तर रायफलीला जागाच उरत नाही.

परवाना हातात आला म्हणजे जनावर मारण्याची मुभा मिळाली, हा समजही तितकाच चुकीचा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार शिकारीला बंदी आहे. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराच्या किंवा रोह्याच्या बाबतीत कलम ११ खाली अधिकृत अधिकाऱ्याचा कारणांसहित लेखी आदेश लागतो, आणि मारलेले जनावर शासनाची मालमत्ता ठरते. यावल किंवा अनेर धरण अभयारण्याच्या हद्दीत तर लेखी पूर्वपरवानगीशिवाय शस्त्र घेऊन पाऊलही टाकता येत नाही. सातपुड्याच्या उतारावर शेत कुठे संपते आणि अभयारण्य कुठे सुरू होते, हे रात्री कळत नाही. ती हद्द दिवसा वनरक्षकाला सोबत घेऊन पाहून ठेवावी.

निवडीकडे वळायचे, तर इंटरनेटवरील परदेशी रायफलींच्या यादीवरून मन बनवणे व्यर्थ आहे. अडीच-पावणेतीन किलोच्या ज्या फिनिश किंवा अमेरिकन रायफली तिथे दिसतात, त्या सामान्य परवानाधारकाला १९८० च्या दशकाच्या मध्यापासून आयात करता येत नाहीत. आपल्यापुढे प्रत्यक्षात दोनच वाटा असतात. एक म्हणजे ईशापूरच्या रायफल फॅक्टरीसारख्या सरकारी कारखान्यातली .३१५ किंवा .३०-०६ (ही काडतुसांची नावे) स्पोर्टिंग रायफल, आणि दुसरी म्हणजे बंदीच्या आधी देशात आलेली, हस्तांतराने मिळणारी जुनी माउझर किंवा तत्सम रायफल. जुन्या रायफलींत खरोखर हलक्या आणि सुंदर बांधणीच्या रायफली सापडतात, आणि फसगतही तिथेच सर्वांत जास्त होते.

फसगतीचे मुख्य ठिकाण म्हणजे बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलून नळी मागून बंद करणारा, हाताने मागेपुढे सरकवायचा दांडा. .३१५ ची यंत्रणा ली-एनफील्ड या जुन्या ब्रिटिश लष्करी रायफलीच्या घराण्यातली आहे. तिच्यात बोल्टचे डोके वेगळे असते आणि ते त्या त्या रायफलीला जुळवून बसवलेले असते. घरात किंवा दुकानात दोन रायफली एकत्र पुसताना बोल्ट बदलले गेले, तर बाहेरून काहीच कळत नाही. बोल्ट बंद होतो, चापही नीट चालतो. परंतु काडतुसाच्या मागे राहणारे अंतर, म्हणजे हेडस्पेस, वाढलेले असू शकते आणि मग पितळी कोश फाटून तप्त वायू तोंडाकडे येण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून बोल्टवरचा आणि यंत्रणेवरचा क्रमांक एकच आहे का, हे सर्वांत आधी पाहावे. क्रमांक जुळत नसतील किंवा झडलेल्या पितळी कोशावर तळाजवळ चमकदार कडे दिसत असेल, तर परवानाधारक कारागिराकडून गेजने तपासणी होईपर्यंत ती रायफल झाडू नये. माउझर ९८ मध्ये बंद करणारे मुख्य खटके बोल्टच्या पुढच्या टोकाला असतात आणि रुंद पंजा काडतुसाला मॅगझिनमधून बाहेर येतानाच पकडतो. धुळीत, घाईत किंवा तिरप्या हाताने बोल्ट ओढला तरी ती सहसा दगा देत नाही. जुन्या रायफलींत निवडीला वाव असेल, तर मी माउझर जातीची रायफल घेईन.

वजनाच्या बाबतीत कागदावरचा आकडा खरा मानू नये, कारण तो रिकाम्या रायफलीचा असतो. २.८ किलोच्या रायफलीवर ४०० ते ५०० ग्रॅमची दुर्बीण, १५० ग्रॅमच्या आसपास तिच्या कड्या, तेवढाच पट्टा आणि सव्वाशे ग्रॅमची पाच काडतुसे चढली, की हातातले वजन साडेतीन किलोच्या पुढे जाते. दुकानात जाताना घरातला साधा वजनकाटा सोबत नेण्यात संकोच नको.

हलक्या रायफलीचा धक्का हा विषय लोक मर्दानगीवर नेतात, आणि त्यात नुकसान नेमाचे होते. एकच काडतूस ४ किलोच्या आणि ३ किलोच्या रायफलीतून झाडले, तर हलक्या रायफलीची मागे येण्याची ऊर्जा सुमारे एक-तृतीयांशाने जास्त असते. पहिल्या दोन गोळ्यांना ते सहन होते. तिसऱ्या गोळीपासून शरीर धक्क्याच्या आधीच आकसू लागते, डोळा मिटतो आणि गोळी खाली जाते. जखमी होऊन उसात शिरलेले डुक्कर दुसऱ्या दिवशी पाणी द्यायला गेलेल्या मजुराच्या अंगावर येते, हे आपल्याकडच्या कुणालाही समजावून सांगायला नको. त्यामुळे खांद्याला सोसेल तेवढेच काडतूस निवडावे, दस्त्याच्या मागे जाड रबरी गादी बसवून घ्यावी आणि दुर्बीण डोळ्यापासून किमान ९ सेंटिमीटर राहील अशी लावावी, नाहीतर तिची कडा भुवईवर बसते.

आखूड नळीचा मोह बांधावर आणि मचाणावर समजण्यासारखा आहे. .३०-०६ सारख्या काडतुसात नळी एक इंचाने कमी केली, की वेग साधारण ६ ते ९ मीटर प्रति सेकंदाने घटतो. पन्नास-साठ मीटरवर त्याने फरक पडत नाही, पण आवाज आणि नळीच्या तोंडावरची ज्वाळा वाढते व रात्री डोळे क्षणभर दिपतात. २२ इंचांच्या खाली जाण्याचे कारण मला केळीच्या शेतात तरी दिसत नाही.

आता खरेदीनंतरच्या तक्रारी. सर्वांत नेहमीची तक्रार अशी, की मे महिन्यात नेम बरोबर होता आणि श्रावणात गोळ्या एका बाजूला जाऊ लागल्या. आमच्या घरच्या लाकडी दस्त्याच्या रायफलीने हेच केले आणि मी एक अख्खा हंगाम दुर्बिणीला दोष देत राहिलो. पावसाळी हवेत लाकूड फुगते, दस्त्याचा पुढचा भाग बारीक नळीला टेकतो आणि नळीची थरथर बदलते. तपासणी सोपी आहे. रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करून दहा रुपयांची नोट नळी आणि दस्ता यांच्या फटीत घालावी व यंत्रणेकडे सरकवत न्यावी. नळी मोकळी ठेवलेल्या रायफलीत नोट मध्येच अडली, तर दोष तिथे आहे. मात्र काही जुन्या रायफलींत, विशेषतः ली-एनफील्ड जातीत, दस्ता मुद्दाम नळीला टेकवलेला असतो. तिथे कानस लावण्याआधी कारागिराला विचारावे.

नोट सरळ जात असेल, तर यंत्रणा दस्त्याला जोडणारे स्क्रू आणि दुर्बिणीच्या कड्या पाहाव्यात. मोटरसायकलवर खडखडत आणलेल्या हलक्या रायफलीचे स्क्रू ढिले होणे अगदी साधी गोष्ट आहे.

पहिली गोळी बरोबर, दुसरी जवळ आणि चौथी हातभर वर, असे होत असेल, तर कारण बारीक नळीचे तापणे हे असते. जळगावात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा रेंजवर भर दुपारी लागोपाठ गोळ्या झाडून नेम जुळवला, तर तो तापलेल्या नळीचा नेम ठरतो. रात्री शेतात मात्र नळी थंडच असते. सकाळी लवकर जावे, प्रत्येक गोळीनंतर नळी हाताला थंड लागेपर्यंत थांबावे आणि पहिल्या गोळीचीच नोंद ठेवावी. काडतुसेही उन्हात उभ्या असलेल्या गाडीत ठेवू नयेत, कारण तापलेल्या दारूने दाब वाढतो.

काडतूस अडकणे बहुधा बोल्ट अर्धवट मागे ओढल्याने होते; बोल्ट शेवटपर्यंत मागे आणि जोराने पुढे, ही सवय सरावाच्या बिनदारूच्या (डमी) काडतुसांवर करावी. काळ्या मातीची धूळ तेलाला चिकटून लेप बनतो, म्हणून तेल अगदी पातळ लावावे. बांधावर घसरून नळीचे तोंड मातीत टेकले असेल, तर बोल्ट काढून नळीतून पलीकडचा उजेड पाहिल्याशिवाय गोळी झाडू नये. चिखलाचा बुच नळी फाडतो.

आपल्याकडे रायफल निवडताना जमीनही पाहावी लागते. तापीकाठचे शिवार सपाट आहे, आणि .३०-०६ ची चुकलेली गोळी तीन किलोमीटरहून पुढे जाऊ शकते. शेतीपंपाची वीज रात्री आली, की आसपासच्या शिवारांत माणसे मोटार चालू करायला आणि ठिबकचे व्हॉल्व्ह फिरवायला निघतात, आणि दीड-दीड मीटरवर लावलेल्या केळीत चार ओळींपलीकडचे काही दिसत नाही. अशा शेतात रायफलीपेक्षा बारा बोअर योग्य, कारण तिचे छर्रे फार लांब जात नाहीत. रायफलच हवी असेल, तर ती मचाणावरून खाली मातीत जाणाऱ्या कोनातच झाडावी, आणि त्या रात्री कोण कोण शेतात आहे हे शेजाऱ्यांना फोन करून विचारून घ्यावे.