पाय घसरतो तो कंबरेमुळे: बॅकस्ट्रोकचा स्टार्ट

माझं पोहणं सांगलीत कृष्णेच्या घाटावर सुरू झालं. उताणं पोहायलाही तिथेच शिकले. नदीला भिंत नसते. त्यामुळे पाठीवर पोहायचं म्हणजे पाण्यावर अंग टाकायचं आणि हात मारायला लागायचं, एवढंच मला ठाऊक होतं. चौदाव्या वर्षी राज्य स्पर्धेत शंभर मीटर बॅकस्ट्रोकला उतरले, तेव्हा कुठे मी स्टार्टिंग ब्लॉकची, म्हणजे शर्यत सुरू करायच्या चौथऱ्याची, दांडी पहिल्यांदा नीट धरली. बॅकस्ट्रोकमध्ये पाण्यात राहूनच, भिंतीकडे तोंड करून ती धरायची आणि पायांनी भिंत ढकलून मागे झेपावायचं. शेजारच्या मुलींनी स्वतःला वर खेचून घेतलेलं पाहिलं आणि मीही खेचलं, त्यांच्यापेक्षा जास्तच. हनुवटी जवळजवळ दांडीला लागली होती. हॉर्न वाजला, पायांना जोर दिला आणि दोन्ही पाय भिंतीवरून सरळ खाली घसरले. मी उभीच्या उभी पाण्यात गेले. वर आले तेव्हा बाकीच्या मुली तलावावर आडव्या टांगलेल्या झेंड्यांच्या पलीकडे पोचल्या होत्या.

परत येताना सगळ्यांनी भिंतीला बोल लावला. भिंत गुळगुळीत होतीच, पण त्याच भिंतीवरून इतरांचे पाय घसरले नव्हते. खरं कारण मला कळलं ते शिकवायला लागल्यावर. आता माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलाला मी पहिल्या आठवड्यातच सांगते, पाय घसरला की आधी कंबर कुठे होती ते आठव.

हे असं होतं, कारण भिंत तुमचा पाय धरून ठेवते ती फक्त घर्षणाने. भिंतीत सरळ, काटकोनात जितकं जोरात दाबाल तितकी पकड वाढते. तोच जोर भिंतीला लागून खालच्या दिशेने गेला, तर पायही खालीच जाणार. कंबर टाचांच्या बरोबर वर आणून ठेवली असेल, तर पाय सरळ करताना जोर खालीच जातो. कंबर टाचांच्या मागे, तलावाच्या बाजूला असेल, तर तो भिंतीत जातो. घरी मुलांकडून हे करून घ्या. मोजे घालून सतरंजीवर उताणं झोपायचं, भिंतीच्या अगदी जवळ सरकायचं, चवडे भिंतीवर उंच टेकवायचे आणि ढकलायचं. पाय भिंतीवरून वर सटकतात. मग तेच चवडे कंबरेच्या रेषेत खाली आणून ढकलायचं. सतरंजीसकट मूल मागे सरकतं. पाण्यात दिशा उलटी असते, घसरण खाली होते, पण हिशेब तोच. मी पूर्वी फळ्यावर बाण काढून हे समजावायचे. सतरंजीवर मुलांना ते दोन मिनिटांत कळतं.

आता पाण्यात उतरू. रेफरीची पहिली लांब शिट्टी झाली की पाण्यात उतरायचं, दुसरी झाली की विनाकारण वेळ न घालवता भिंतीशी येऊन दांडी धरायची. या दोन शिट्ट्यांच्या मधला वेळ तुमचा आहे, तो वाया घालवू नका. पाय जिथे टेकवणार तिथे तळहात फिरवा. आपल्याकडच्या बऱ्याच तलावांत पाण्याच्या रेषेवर शेवाळाचा किंवा सनस्क्रीन, तेल यांचा बुळबुळीत थर असतो. हाताने चोळलं तरी फरक पडतो.

पाय कंबरेइतके रुंद ठेवा. चवडे भिंतीवर, टाचा सुट्या. लहान मुलं अख्खा तळपाय चिकटवतात. मग घोट्याचा शेवटचा झटका मिळतच नाही, आणि त्या झटक्यात बराच वेग असतो. पायांची बोटं पाण्याखाली चार बोटांवर ठेवून सुरुवात करा. माझ्या लहानपणी बोटं पाण्याखालीच ठेवण्याचा नियम होता. आता पाय पाण्याबाहेर आले तरी चालतात, पण गटारीच्या, म्हणजे तलावाच्या कडेच्या पन्हळीच्या, कडेवरून बोटं वाकवायला किंवा गटारीत उभं राहायला बंदी आहे. दोन्ही पाय एका पातळीत असावेत की एक किंचित खाली, हा प्रत्येकाच्या सवयीचा भाग आहे. ज्यांचा पाय सारखा घसरतो त्यांना मी एक पाय चार बोटं खाली ठेवायला सांगते. निदान एका पायाला तरी भिंत राहते.

दांडी खांद्यांच्या रुंदीइतकी धरा. नियमाप्रमाणे ती पाण्यापासून ३० ते ६० सेंटिमीटर उंच असते, त्यामुळे दुसऱ्या गावच्या तलावावर गेलात की हातांचा अंदाज बदलतो. वॉर्म-अपमध्ये दोन स्टार्ट तरी तिथल्याच दांडीवर घेतलेले असावेत. ब्लॉक नसलेल्या तलावावर मुलं तलावाची कड धरून सराव करतात. चालतं, पण दांडी मिळाली की त्यांची कंबर एकदम वीतभर वर जाते, आणि माझ्यासारखी फजिती नेमकी तिथे होते.

स्टार्टरची ‘टेक युवर मार्क्स’ ही सूचना झाली की स्वतःला वर खेचायचं. किती, हा सगळा प्रश्न आहे. छाती भिंतीकडे जाऊ द्या, कोपरं थोडी वाकलेली आणि बाहेरच्या बाजूला, पण कंबर मागेच राहायला हवी. टाचा आणि कुल्ले यांच्यात निदान एक वीत अंतर असावं. गुडघ्यांचा कोन साधारण काटकोनाच्या आसपास ठेवा. टाचा कुल्ल्यांना टेकवून पूर्ण उकिडवं बसलेल्याला जमिनीवरून उंच उडी घेता येत नाही, अर्ध्या बैठकीतून घेता येते. बैठका मारणाऱ्या कुठल्याही पोराला हे माहीत असतं.

उंचीचं म्हणाल तर मी कंबर पाण्याच्या पातळीवर धरून सुरुवात करते, कुल्ले पाण्यातच. यापेक्षा खाली राहिलात तर निघताना पाणी अंगाला मागे ओढतं, कारण पाण्यातून शरीर ढकलणं हवेतून ढकलण्यापेक्षा फार जड असतं. म्हणून वर यायचा मोह बरोबरच आहे. फक्त तो हळूहळू पुरवायचा. दर आठवड्याला दोन बोटं वर या आणि सलग दहा स्टार्ट घ्या. ज्या उंचीला दहात एकदाही पाय निसटला, तिथून दोन बोटं खाली या. ती तुमची स्पर्धेची उंची. सरावात एकदा जमलेली सगळ्यात वरची उंची स्पर्धेला घेऊन जायची नाही. शर्यतीत जोर जास्त लागतो, आणि पाय पहिल्यांदा निसटतो तो तिथेच.

माझी एक बारा वर्षांची विद्यार्थिनी सहा महिने रोज घसरत होती. तिची आई म्हणायची, पायात ताकद नाही. ताकद भरपूर होती, पण ती खेचताना पोट भिंतीला लावायची. मी तिच्या पोटाच्या आणि भिंतीच्या मध्ये किकबोर्ड, म्हणजे पाय मारायच्या सरावाची फोमची फळी, आडवा धरला आणि म्हटलं, “बाळा, हा चेपायचा नाही.” तिसऱ्या दिवशी पाय टिकला. किकबोर्डची ही युक्ती मी तेव्हापासून सगळ्यांना लावते.

डोकं सरळ ठेवा, नजर दांडीवर. काही मुलं हॉर्नच्या आधीच मान मागे टाकतात. त्याने अंग हलतं, आणि हलणाऱ्याला बाद करतात. थिजल्यासारखं थांबायचं.

हॉर्न झाला की क्रम असा: हात, डोकं, कंबर, गुडघे, घोटे. आधी हातांनी दांडी खाली आणि पुढे ढकलून सोडायची. लगेच हनुवटी वर करून नजर मागे, समोरच्या टोकाची भिंत उलटी दिसायला हवी. डोकं जाईल तिकडे पाठ जाते. हात मागे नेताना मी लहान मुलांना बाजूने, आडवे न्यायला सांगते. तोंडावरून नेले की बहुतेकांची उडी वरच्या दिशेला जाते आणि मागे जाणं कमी होतं. मोठ्या, ताकदवान मुलांना तोंडावरून नेलेलेही जमतात, त्यांना मी अडवत नाही. गुडघे सरळ व्हायला लागतात ते छाती मागे पडायला लागल्यावर. हात सुटायच्या आधी पाय ढकलले, तर स्वतःलाच दांडीला धरून ठेवल्यासारखं होतं.

हवेत कमान हवी. कंबर आभाळाकडे ढकला, हात कानांना चिकटलेले, एका पंजावर दुसरा पंजा. मग बोटं जिथे पाण्यात शिरतात त्याच भोकातून डोकं, खांदे, कंबर आणि शेवटी पाय जायला हवेत. कमान झाली की नाही हे अंग सांगतं. पोहून वर आल्यावर वरची पाठ लाल झाली असेल, तर डोकं मागे गेलं नाही आणि पाठ सपाट आपटली. मांड्यांची मागची बाजू लाल असेल, तर कमान लवकर मोडली आणि पाय पाण्यावर ओढत आले. मी मुलांची पाठ आधी बघते, स्टॉपवॉच नंतर.

कमान शिकवायला पाण्यावर फोमची नूडल आडवी धरा, भिंतीपासून मुलाच्या कंबरेच्या उंचीइतक्या अंतरावर. तिला न शिवता मागे जायचं. पाय लागले तर चालतील, कंबर लागता कामा नये. त्याआधी पाण्याची खोली मात्र बघायलाच हवी. ब्लॉक असलेल्या टोकाला भिंतीपासून सहा मीटरपर्यंत किमान १.३५ मीटर खोली हवी, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. कमानीतून मूल डोक्याच्या बाजूने खाली जातं, म्हणून उथळ टोकाला हा सराव मी कुणालाही करू देत नाही, कितीही हट्ट केला तरी.

पाण्यात शिरल्यावर कमान तशीच ठेवलीत तर तळाकडे जाल. पाय आत आले की हनुवटी थोडी आत, पोट सपाट, बोटांची टोकं वरच्या दिशेला. आणि नाकातून हवा सोडत राहा, सतत, गुणगुणल्यासारखी. पाठीवर असताना नाकात पाणी सरळ शिरतं, आणि एकदा ठसका लागला की पुढच्या डॉल्फिन किकचं, म्हणजे दोन्ही पाय जोडून माशाच्या शेपटीसारखे मारण्याचं, सगळं गणित कोलमडतं. कितीतरी मुलं भीतीने लवकर वर येतात ती याच कारणाने.

पाण्याखाली किती राहायचं, तर १५ मीटरच्या खुणेपर्यंत डोकं वर यायलाच हवं. हा नियम येण्यामागे १९८८चं सोल ऑलिम्पिक आहे. अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ तेव्हा सुरुवातीचं जवळजवळ ३५ मीटर अंतर पाण्याखालून डॉल्फिन किक मारत जायचा. त्याने प्राथमिक फेरीत विश्वविक्रम केला, पण अंतिम फेरीत जपानचा दाइची सुझुकी, तोही बराच वेळ पाण्याखालून येणारा, ५५.०५ सेकंदांत जिंकला आणि बर्कॉफ ५५.१८ला दुसरा आला. त्यानंतर पाण्याखालच्या अंतराला मर्यादा आली. पण मर्यादा १५ची आहे म्हणून प्रत्येकाने १५ जायलाच हवं असं नाही. तुमच्या मुलाची किक त्याच्या हातांपेक्षा हळू असेल तर त्याला आठ-नऊ मीटरवर वर आणा.

आता लेजबद्दल, कारण मोठ्या स्पर्धांना जाणाऱ्या मुलांचे पालक त्याबद्दल विचारतात. ही भिंतीवर लटकवायची उतरती पट्टी असते, तिच्यावर चवडे टेकवता येतात. ऑलिम्पिकमध्ये ती पहिल्यांदा २०१६ला रिओत वापरली गेली. ती पाण्याच्या पातळीपासून ४ सेंटिमीटर वर किंवा ४ सेंटिमीटर खाली लावता येते. तिच्यावर असताना दोन्ही पायांची बोटं भिंतीला किंवा टचपॅडला (वेळ नोंदवणाऱ्या, भिंतीवर लावलेल्या पट्टीला) टेकलेली असायला हवीत. लेज खालून आधार देते, म्हणून घसरायची भीती जवळजवळ जाते आणि कंबर पाण्याबाहेर नेता येते. म्हणूनच ऑलिम्पिकच्या चित्रफिती पाहून आपल्या मुलांनी नक्कल करू नये. तिथे कंबर उंच दिसते ती लेजच्या जिवावर. आपल्या तलावात ती नसेल तर तीच उंची पाय घसरवते. स्पर्धेला लेज मिळाली तर पहिल्यांदा शून्यावर, म्हणजे पाण्याच्या पातळीवर लावा, दोन स्टार्ट घ्या, मग वर-खाली करा.

एवढ्याशा गोष्टीचा एवढा अट्टहास कशाला, असं एका वडिलांनी मला विचारलं होतं. मी त्यांना श्रीहरी नटराजचं उदाहरण दिलं. टोकियो ऑलिम्पिकसाठी शंभर मीटर बॅकस्ट्रोकची थेट पात्रता ५३.८५ सेकंद होती. बंगळुरूच्या या पोराने २०२१मध्ये रोमला ५३.७७ची वेळ दिली. मधलं अंतर आठ शतांश सेकंदांचं. पाय अर्धवट जरी निसटला तरी याहून जास्त वेळ जातो.

घरी मोबाइल असेलच. तो तलावाच्या बाजूच्या कडेवर, पाण्याच्या पातळीशी धरून मुलाचा स्टार्ट बाजूने टिपा, हॉर्नच्या आधीच्या क्षणापासून. चित्र थांबवा आणि टाचेपासून एक काल्पनिक उभी रेघ वर काढा. कंबर त्या रेघेच्या मागे किती आहे ते बघा आणि मुलालाच दाखवा. रोज तीनच स्टार्ट, पण तिन्ही टिपलेले. माझ्या तलावावर हे काम मोठी मुलं लहानांसाठी करतात, सकाळी साडेपाचला, दिव्याखाली.