संशोधन आणि शिक्षणाचे जाळे उभारताना या चुका टाळा

विद्यापीठे आणि संशोधन संस्थांना जोडणारे स्वतंत्र जाळे उभे राहिले की डिजिटल दरी आपोआप बुजेल, असे अनेक योजनांमध्ये गृहीत धरलेले असते. २००९ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर समुद्राखालून नव्या फायबर केबल पोहोचल्या आणि महागड्या उपग्रह जोडणीवर विसंबलेल्या विद्यापीठांचा मोठा अडसर दूर झाला, तरी तो वेग संस्थेच्या आत, प्रयोगशाळेतल्या संगणकापर्यंत नेण्याचे काम बाकीच होते. हे काम विसरून केवळ बँडविड्थ वाढवत राहणे ही माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक आहे.

संस्थेकडे एक गिगाबिटची जोडणी असूनही परदेशी सर्व्हरवरून डेटा उतरवताना सेकंदाला जेमतेम अडीच मेगाबिट मिळत असतील, तर जादा क्षमता घेण्याआधी टीसीपी विंडो, म्हणजे पोचपावती येण्याआधी एका वेळी पाठवता येणाऱ्या डेटाची मर्यादा, तपासावी. ती ६४ किलोबाइटवर अडकलेली असेल आणि पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) जाऊन परत यायला २०० मिलिसेकंद लागत असतील, तर एका जोडणीचा वेग सुमारे २.६ मेगाबिटच्या पुढे जाऊच शकत नाही. काही जुन्या फायरवॉल (जाळ्याच्या वेशीवरच्या सुरक्षा यंत्रणा) ही मर्यादा वाढवू देणारा विंडो स्केलिंगचा पर्याय वाटेतच काढून टाकतात. म्हणून फायरवॉलच्या आत आणि बाहेर अशा दोन्ही ठिकाणी परफसोनार या जाळ्याची कामगिरी मोजणाऱ्या साधनाने मोजणी केल्यास दोष नेमका कुठे आहे ते कळते.

एज्युरोम या शैक्षणिक संस्थांच्या सामायिक वाय-फाय सेवेमुळे पाहुण्या विद्यार्थ्याला आपल्याच संस्थेच्या खात्याने दुसऱ्या संस्थेचे वाय-फाय वापरता येते. स्वतःच्या आवारात चालणारे खाते बाहेर गेल्यावर चालत नसेल, तर वापरकर्तानावात '@' आणि त्यापुढे संस्थेचे डोमेन लिहिले आहे का, हे आधी पाहावे. ते नसेल तर ही विनंती कोणत्या संस्थेकडे पाठवायची हे यजमान सर्व्हरला समजत नाही.

एकाच शहरातील दोन महाविद्यालयांमधली पॅकेट परदेशातून फिरून येत असतील, तर ट्रेसराउट या पॅकेटचा मार्ग दाखवणाऱ्या साधनामध्ये ते सहज दिसते. अशा वेळी स्थानिक इंटरनेट एक्स्चेंजला, म्हणजे वेगवेगळी जाळी एकमेकांशी थेट जोडली जातात त्या ठिकाणाला, जोडून घ्यावे.

अंदाजपत्रकात राउटरसाठी तरतूद असते, पण ते सांभाळणाऱ्या अभियंत्यांच्या पगारासाठी नसते, याची खंत वाटते. ओरेगन विद्यापीठातील नेटवर्क स्टार्टअप रिसोर्स सेंटर अनेक देशांतील अभियंत्यांना कॅम्पस नेटवर्कचे प्रत्यक्ष प्रशिक्षण देते. अशा प्रशिक्षणासाठी राजधानीबाहेरच्या लहान महाविद्यालयांतील तंत्रज्ञांना आधी पाठवावे, कारण तिथे बिघाड झाल्यास मदतीला दुसरे कोणी नसते.