दोन पुरणपोळ्या खाल्ल्या म्हणून अख्खा दिवस सोडून द्यायचा नाही

वजन कमी करायचंय, डॉक्टरांना विचारून झालंय, हे धरूनच चालते. फ्रीजवर डाएट चार्ट चिकटवायच्या आधी डोक्यातली खाण्याची भीती काढायला हवी.

आधी भात, बटाटा, केळं, तूप हे सगळं 'बंद'च्या यादीतून बाहेर काढा (डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्य सोडून). भाताची एक मूद, वर चमचाभर तूप, उसळ आणि कोशिंबीर जास्त. झालं.

जेवताना मोबाईल लांब ठेवा. आणि मुलांच्या ताटातलं उरलेलं संपवणं हे आईचं काम नाही, मुलांना आधीच कमी वाढा.

आता खरा अवघड भाग. सणाला दोन पुरणपोळ्या होतात आणि डोक्यात येतं, आज गेलंच सगळं, आता सोमवारपासून बघू, मग संध्याकाळी फरसाण, रात्री आइस्क्रीम, आणि तो सोमवार काही येत नाही. मी कितीतरी वर्षं इथेच अडकलेली होते. लोक म्हणतात मनावर ताबा नाही, मला हे अजिबात पटत नाही, कारण जितकी कडक बंदी तितकं हे जास्त होतं. 1975 मध्ये हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही जणींना आधी मिल्कशेक देऊन मग हवं तेवढं आइस्क्रीम खायला दिलं, तर एरवी खाण्यावर लगाम ठेवणाऱ्यांनी मिल्कशेक प्यायल्यावर उलट जास्तच आइस्क्रीम खाल्लं. एकदा नियम मोडला की थांबायला कारणच उरत नाही ना!

म्हणून पुरणपोळीनंतर एकच करायचं, पुढचं जेवण वेळेवर आणि नेहमीसारखं. भूक कमी असेल तर कमी जेवा, पण शिक्षा म्हणून उपास नको, दुसऱ्या दिवशी नुसत्या काकडीवर राहणं नको, पोळी जाळायला दोन तास चालणंही नको. दिवसभर उपाशी राहिलं की रात्री डबे उघडले जातातच. अमेरिकेत मिनेसोटात 1944-45 मध्ये एका प्रयोगासाठी 36 धडधाकट तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं, तर त्यांच्या डोक्यात सतत फक्त खाणंच, काहीजण तर पाककृतींची पुस्तकं वाचत बसायचे. त्यामुळे सहा दिवस उपाशी आणि रविवारी चीट डे (म्हणजे हवं ते खायचा दिवस), हा सल्ला कोणी दिला तर सरळ सोडून द्या.

दुसऱ्या दिवशी काटा किलोभर जास्त दाखवेल, घाबरू नका. किलोभर चरबी साठायला साधारण 7700 कॅलरी जास्तीच्या लागतात, दोन पोळ्यांत त्या येणार कुठून? ते बहुतेक पाणी असतं, मीठ आणि गोड-पिठूळ खाणं शरीरात पाणी धरून ठेवतं, चार दिवसांत उतरतं. रोज वजन करून जीव खालीवर होत असेल तर आठवड्यातून एकदाच करा.

आग्रह झाला तर "मावशी, मस्त झालंय, पण आता बास" म्हणून ताटावर हात आडवा धरायचा. डाएटचा विषय काढायचाच नाही, नाहीतर सगळी पंगत सल्ले देते.

आणि हे मनापासून सांगते, लपूनछपून खाणं, खाल्ल्यावर मुद्दाम उलटी काढणं, चारचौघांत जेवायची भीती वाटणं असं काही होत असेल तर वजनाचं सध्या बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, हा आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत, नवीन डाएट चार्टने तो वाढू शकतो.